जबड्याखालची शीव

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार असं ज्यांना वाटतं, ते बिचारे कोकणातले नव्हेत. कोकणात गाऱ्हाणं घालतात ते देवापुढे. एकाने हातात नारळ धरून पुढे उभं राहायचं, काय हवं-नको ते खणखणीत आवाजात देवाला सांगायचं, आणि दर वाक्यामागे जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. देवाला विचार करायला उसंत म्हणून द्यायची नाही, अशी ही पद्धत आहे आणि ती आजवर बऱ्यापैकी चालत आली आहे.

दिंडोशीच्या रामेश्वरकृपा सोसायटीत हे काम लवू घाडीचं होतं. गावी रामेश्वराच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा हक्क घाड्यांच्याच घराण्याचा. लवूचा बाप गिरणीत नोकरीला म्हणून परळला आला, गिरणी बंद पडली, खोली विकून घरदार दिंडोशीला आलं, आणि लवू साकीनाक्याच्या एका कारखान्यात पत्र्याचे डबे ठोकता ठोकता निवृत्त झाला. एवढ्या पडझडीत घराण्याचं बाकी काही उरलं नाही, पण तो हक्क तेवढा तगला. त्यासाठी लागणारं भांडवलही लवूकडे होतं, म्हणजे आवाज. तो ‘बा म्हाराजा!’ म्हणाला की समोरच्या इमारतीतली कुत्री भुंकायची थांबत.

सोसायटीत गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नसे. पाण्याची नवी टाकी आली, गाऱ्हाणं. कुणाच्या मुलीची बारावी, गाऱ्हाणं. लिफ्ट बसवली तेव्हा तर लवूने लिफ्टच्या दारात नारळ धरून ‘ह्या लिफ्टीक दोन मजल्यांच्या मधी अडकाची बुद्धी होता नये, रे म्हाराजा!’ असं ठणकावलं होतं. उत्तर प्रदेशातून आलेला वॉचमनही तोवर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शिकला होता. वर्षातून एकदा कंपाउंडच्या कोपऱ्यात राखण दिली जाई. गावाच्या शिवेवर राखणदार असतो, त्याला वर्षाचा कोंबडा पोचवला की तो वाईटसाईट शिवेच्या आत येऊ देत नाही, हा गावचा करार. तो दिंडोशीच्या भिंतीलाही लागू आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. राखणदाराला कुणी विचारलं नव्हतं.

आता देवाशी बोलणारं हे तोंड एरवी रिकामं असे म्हणाल, तर नाही. गाऱ्हाण्याआधी लवू चूळ भरी, आणि प्रसाद वाटून होतो न होतो तोच डाव्या गालात तंबाखूची चिमूट परत बसे. ती मळून द्यायचं काम प्रीतमचं. प्रीतम हा शेजारच्या दारातला रिक्षावाला, लवूचा पट्टशिष्य, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणण्यात सगळ्यांत पुढे. त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात पुडी आणि चुन्याची डबी कायम. लवूचं घरातलं सगळं बोलणं हे असं तोबरा भरलेल्या तोंडातून यायचं. ‘पानी दी’ म्हटलं तर पाणी, ‘फाने दी’ म्हटलं तरी पाणीच, हे त्याची बायको शेवंती लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकून बसली होती.

मग जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आला. लवूने आधी दाढेला दोष दिला, मग शेवंतीने केलेल्या बांगड्याच्या झणझणीत कालवणाला, म्हणजे तिखल्याला. तिखलं बंद झालं, फोड होता तिथेच. मुलगी समीक्षा बोरिवलीला दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिने एका संध्याकाळी बापाला खिडकीत बसवून, मोबाइलचा टॉर्च लावून तोंड उघडायला लावलं आणि टॉर्च बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

“काय गो?” शेवंतीने विचारलं.

“उद्या पप्पांना घेऊन जायचंय,” ती म्हणाली. कुठे ते तिला बोलवेना.

तुकडा काढला, तपासला, कर्करोग निघाला. ज्या मोठ्या इस्पितळात पाठवलं तिथे डॉक्टर हेमांगी गुप्ते नावाच्या सर्जन होत्या. मुलुंडच्या, बोलायला सुरीसारख्या, आणि रांगेत अजून अर्धा वॉर्ड बसलेला असल्यामुळे वेळ वाया न घालवणाऱ्या.

“जिभेची डावी कड काढायची,” त्या म्हणाल्या, “आणि त्याच वेळी मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी.”

लवूने मान चाचपली. जिभेचं त्याने कसंबसं गिळलं होतं, पण ही दुसरी गोष्ट त्याला सरळसरळ जास्तीची वाटली. “मानेत गाठ नाय माझ्या.”

“हाताला लागत नाही. स्कॅनमध्येही नाही दिसत.”

“मग काढणार काय, बाई?”

“या गाठी प्रत्येकाच्या मानेत असतात. शरीरात जे जादा पाणी साठतं ते बारीक नळ्यांतून त्यांच्याकडे जातं, त्या ते गाळतात. जिभेच्या रोगाच्या पेशी पहिल्यांदा त्याच नळ्यांतून उतरतात.”

“पण रोग जिभेचा ना?” लवूने समजूत घालण्याच्या सुरात विचारलं. “जिभेची हद्द जबड्यापर्यंत. त्याच्या खाली मान, ती वेगळी. प्रत्येकाची शीव असते की नाय?”

अशा प्रश्नाला डॉक्टर सहसा ‘पुढचा पेशंट’ म्हणतात. हेमांगीबाईंनी मात्र पेन उचललं आणि कागदावर जीभ काढली. जीभ काही जमली नाही, ती पायताणासारखी दिसत होती.

“रोग शीव ओलांडत नाही, घाडी. तो जागेवर बसून मागणी पाठवतो. जिभेतल्या रोगाच्या गाठीतून एक पदार्थ सुटतो, त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. हा पदार्थ काही परका नाही. तुम्हाला जखम झाली की तुमचं शरीरही तो सोडतं, मग नळ्या वाढतात, जखम भरून येते. गाठ तोच पदार्थ सोडते, फक्त थांबत नाही. आता नळ्यांना काय ठाऊक मागणारा कोण ते? जिकडून मागणी आली तिकडे त्या फुटतात, रुंद होतात, गाठीला जाऊन भिडतात. मग चार पेशी आत उतरल्या की थेट मान.”

“म्हणजे रस्तो आमचीच माणसां करतत?” लवूचा पुस्तकी सूर सुटला आणि मालवणी बाहेर आली.

“तुमचीच. काही ठिकाणी तर असंही दिसलंय की पेशी पोचायच्या आधीच मानेतली गाठ आतून जागा करायला लागते.”

“आणि कोण नाय म्हणीत नाय?”

“नाही म्हणणं त्यांच्या कामातच नाही. मागणी आली की वाढायचं.” हेमांगीबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुमच्या मानेत पोचलंच आहे असं मी म्हणत नाही. पण जिभेतली गाठ खोल गेलीय, आणि एवढी खोल असली की वाट बघणं धोक्याचं. मानेत मोठं होऊन दिसलं तर तेव्हा मी काढीन, पण तेव्हा माझ्या हातात कमी असेल.”

लवूला आता खरा प्रश्न विचारायचा होता. तो त्याने घसा खाकरून विचारला. “बोलणं?”

“बदलेल. बोलाल, पण असं नाही.”

“आणि मान काढली तर?”

“खांद्याची नस तिथूनच जाते. मी ती जपते, तरी हात काही महिने वर जाणार नाही. कदाचित पुढेही पूर्ण नाही.”

“नारळ धरून हात कपाळापर्यंत न्यावा लागतो,” लवू म्हणाला.

“मग नारळ दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा,” हेमांगीबाई म्हणाल्या आणि घंटी वाजवली.

घरी येईपर्यंत लवूचा निर्णय झाला होता. जीभ द्यायची, कारण ती बाटलीच होती. मान नाही द्यायची. जीभ गेली, वर हातही गेला, म्हणजे घाडी कसला उरला? देवापुढे उभं राहून खाली बघायचं काय? शेवंतीने भांडं आपटलं.

“ती बाई शिकलेली हा. ती सांगता ता ऐका.”

“माझ्या मानेत काय नाय, तिनाच सांगल्यान.”

“दिसणा नाय, असा सांगल्यान!”

“दिसणा नाय म्हणजे नाय. आणि येवचा नाय म्हणान मी बंदोबस्त करतंय.”

हा बंदोबस्त काय असेल याची शेवंतीला कल्पना यायला हवी होती. लवूने रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. जबड्याखाली राखण द्यायची ठरली. गावाची शीव राखता येते, कंपाउंडची राखता येते, मग जबड्याची का नाही? हा मुद्दा प्रीतमने मांडला आणि त्यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही, म्हणून तो मान्य झाला. एकालाही त्यात वेडेपणा दिसला नाही. माणसं वाईट नव्हती. लवूवर त्यांचा जीव होता, आणि जीव असला की माणूस काय वाटेल ते करतो, फक्त डॉक्टरांचं ऐकत नाही.

प्रत्यक्ष राखण द्यायच्या वेळी अडचण आली ती वेगळीच. शीव नेमकी कुठून काढायची? हनुवटी जिभेच्या गावात धरायची की मानेच्या? यावर पाऊण तास वाद झाला. कुणी म्हणालं, दाढी जिथपर्यंत उगवते तिथपर्यंत तोंड. पण लवूची दाढी गळ्याच्या घाटीपर्यंत उगवत होती, म्हणजे रोगाला फुकटची चार बोटं जमीन गेली असती. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांनी दोन्ही बाजूंच्या कब्जेदारांच्या सह्या घेतल्याशिवाय हद्द कायम करता येत नाही असा नियम सांगितला. सह्या करणार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनाही थोडं ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी प्रीतमने वरच्या खिशातून चुन्याची डबी काढली आणि बोटाने लवूच्या एका कानाखालून दुसऱ्या कानापर्यंत पांढरी रेघ ओढून टाकली. तंबाखूचा चुना तो, कातडीला चुरचुरायला लागला. लवू हातात नारळ घेऊन उभा होता तो अर्धी दाढी करून न्हावी पळून गेल्यासारखा दिसत होता. प्रीतमने कोंबडा बगलेत धरून त्याच्या मानेभोवती ओवाळला. कोंबड्याला ती पांढरी रेघ खायची वस्तू वाटली असावी. त्याने दोनदा चोच मारली, आणि शीव उजव्या बाजूला दोन ठिकाणी तुटली. ती पुन्हा काढावी लागली.

शेवंती हॉलच्या दारात उभी होती. हातात नाही म्हणायला तांदळाचं सूप होतं, पण ती पाखडत नव्हती. समीक्षा यायलाच तयार नव्हती.

लवूने डोळे मिटले. नारळ कपाळापर्यंत नेला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लवू घाडी तुझ्या म्होरे उभो रवलो हा, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्याच्या जिभेर काय ती इडापिडा इली हा, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती थयच्या थय रवांदे! ही चुन्याची शीव वलांडून तिना मानेत पाय ठेवूचो नाय, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हॉल दणाणला. पण ‘रे’ म्हणताना जीभ टाळ्याला लागली आणि लवूच्या कानापर्यंत कळ गेली. तो थांबला. श्वास घ्यायला त्याने डोळे उघडले. गाऱ्हाण्याच्या मध्ये डोळे उघडायचे नसतात, त्याने जन्मात कधी उघडले नव्हते. त्यामुळे आपण गाऱ्हाणं घालत असताना मागची माणसं काय करतात हे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

भूमापनवाले गृहस्थ नखं बघत होते. दोघे जण लिफ्टबद्दल काहीतरी कुजबुजत होते. प्रीतमचा एक हात कोंबड्यावर आणि दुसरा मोबाइलवर होता. त्यावर क्रिकेटचा स्कोअर होता. सगळ्यांची तोंडं मात्र अर्धी उघडी होती, तयार. लवूचा आवाज कधी थांबतो एवढ्याकडेच त्यांचे कान होते.

लवूला एकदम हेमांगीबाईंचं ते पायताण आठवलं. नळ्यांना काय ठाऊक मागणारा कोण ते. नाही, असं कसं असेल, ही आपली माणसं आहेत, त्याने मनाला समजावलं. आणि तरी त्याला राहवेना. त्याने तोच सूर लावला, तीच लय.

“आणि बा म्हाराजा! मानेत दोन-चार खोल्ये रिकामे आसतीत, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ते ह्या रोगाक भाड्यान दे! पागडी मागा नको, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येका येवक-जावक रस्तो करून दे! नळ जोडून दे, दिवो लावन दे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वॉचमनही दारातून म्हणाला.

लवूचा आवाज चिरकला. “आणि ह्या लवू घाड्याक वर्साच्या आत वर पोचव, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज प्रीतमचा.

“नाय!”

तो एकच आवाज दारातून आला. सूप खाली आपटलं, तांदूळ हॉलभर झाले. “नाय म्हाराजा!” शेवंती ओरडत होती. “मेल्यांनु, काय म्हणतास ता कळता तरी काय तुमका? ह्यांना मरूक व्हय म्हणतास?”

प्रीतमच्या बगलेतला कोंबडा सुटला आणि खाली तांदूळ वेचायला लागला. प्रीतमने मोबाइल खिशात घातला. “काय झाला, काकी? काय मागल्यानी नानांनी?” त्याने खरंच विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

लवूने नारळ खाली घेतला. त्याला रागही आला नाही. भीती वाटली, आणि ती इतकी स्वच्छ वाटली की तो तिथेच, चुन्याच्या रेघेसकट, रडला. साठीला आलेला घाडी, कुणासमोर कधी रडला नव्हता.

“ऐकलंस गो?” तो शेवंतीला म्हणाला. “बाईन सांगल्यान ता हेच. माझ्या मानेत हीच सगळी बसली हत.”

सोमवारी तो इस्पितळात गेला आणि हेमांगीबाईंना म्हणाला, “मान पण काढा.” त्यांनी त्याच्या गळ्याभोवतीचा लाल पट्टा पाहून हे काय झालं म्हणून विचारलं. शीव आहे, असं त्याने सांगितलं. त्यांनी त्यावर मलम लिहून दिलं. कोंबड्याचं काय झालं असं कुणी विचारील, तर सोसायटीने तो शिजवला. लवूला तिखट चालत नव्हतं, म्हणून त्याला कोंबड्याचं नुसतं अळणी पाणी दिलं, गार करून.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी हेमांगीबाई पलंगाशी आल्या आणि त्यांनी बोटांची चिमूट करून दाखवली. मानेतून ज्या गाठी काढल्या त्यांतल्या एकीत रोग सापडला होता, मसुराच्या दाण्याएवढ्या जागेत. हाताला लागला नसता, स्कॅनलाही दिसला नव्हता. “खोली भाड्याने गेली होती, घाडी,” त्या म्हणाल्या. समीक्षाने त्यांना हॉलची सगळी कथा सांगितली होती. “पण बाकीची चाळ रिकामी निघाली. आता किरणांचे उपचार घेऊ. आणि तंबाखू पुन्हा तोंडात गेली, तर उरलेल्या जिभेची मी हमी देणार नाही.” लवूने मान हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही, म्हणून त्याने डोळे मिटून होकार दिला.

पुढचे महिने वाईट गेले. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. डावा हात छातीच्या वर जाईना. आणि बोलणं तर असं झालं की त, द, ल, र, स यांच्या जागी एकच काहीतरी ओलं ओलं बाहेर यायचं. समीक्षा दोनदोनदा विचारायची, मग तिलाच रडू यायचं. प्रीतम ‘हो हो नाना’ म्हणून मान डोलवायचा आणि भलतीच वस्तू आणून द्यायचा. एकट्या शेवंतीला मात्र शब्दन् शब्द कळत होता. जन्मभर तोबरा भरलेल्या तोंडाचं बोलणं ऐकलेली बाई ती. तिच्या दृष्टीने फरक एवढाच की आता तोंड स्वच्छ होतं.

एक गोष्ट शेवंतीला माहीत नव्हती, असं लवूला वाटत होतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक पुडी होती. खायची नाही, नुसती काढून वास घ्यायची, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. दुपारी शेवंती झोपली की तो गॅलरीत जाऊन वास घ्यायचा. अलीकडे बोटाला लागलेली पूड तो उजव्या हिरडीला टेकवून बघत होता. नुसती टेकवून.

शिमगा आला. रामेश्वरकृपाच्या आवारात होळी रचली, आंब्याची फांदी उभी केली, आणि गाऱ्हाणं कोण घालणार यावर घोडं अडलं. लवूचं नाव घ्यायची कुणाची छाती होईना. प्रीतम पुढे झाला. “बा म्हाराजा...” म्हणाला आणि अडकला. सगळ्यांनी सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. तो पुन्हा “बा म्हाराजा...” म्हणाला, पुन्हा ‘व्हय म्हाराजा’ झालं. मागायचं काय, तेच त्याला आठवेना. जन्मभर तो नुसता हो म्हणत आला होता.

तेव्हा लवू खुर्चीवरून उठला. प्रीतमच्या हातून नारळ घेतला. उजवा हात कपाळापर्यंत गेला, डावा छातीपाशीच राहिला, नारळ कलंडायला लागला. शेवंती पुढे आली आणि तिने डाव्या बाजूने नारळाला हात लावला. बाईने नारळाला हात लावायची रीत नव्हती.

लवूने गाऱ्हाणं घातलं. होळीसमोर जमलेल्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तो मात्र जे मागायचं ते नीट मागत होता. गेलेल्या कुणाचा आत्मा तळमळत असेल तर त्याला शांत कर, रे म्हाराजा. समीक्षाला चांगलं स्थळ दे. लिफ्ट चालू ठेव. माझा खांदा एवढा तरी वर ने की पुढच्या वर्षी हिला नारळ धरावा लागू नये. दर वाक्यामागे ‘व्हय म्हाराजा!’ येत होतं, आणि या वेळी कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. न कळताच लोकांचे डोळे भरून येत होते. प्रीतम तर हुंदके देत ‘व्हय’ म्हणत होता.

गाऱ्हाणं संपलं. लवू धापा टाकत थांबला. प्रीतमने बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, “काकी, काय मागल्यानी नानांनी?”

शेवंतीने नारळ स्वतःकडे घेतला. एकवार नवऱ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

“ह्यांनी सांगल्यानी, जेच्या जेच्या खिशात पुडी आसा, तेना ती आता ह्या होळयेत टाकूची. तुमी व्हय म्हटलास.”

लवूने चमकून बायकोकडे पाहिलं.

“चुन्याची डबी पण. तेका पण तुमी व्हय म्हटलास. आणि जो कोण परत तोंडात घालीत तेची जीभ ह्यांच्यासारखी कापूक लागांदे, असा म्हणाले. तेका सगळ्यांत मोठ्यान व्हय म्हटल्यान ता प्रीतमान.”

प्रीतमचा हात छातीवरच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. “काकी,” तो चाचरत म्हणाला, “पण आमका कळला खय? न कळता म्हटला ता धरतत काय?”

“रामेश्वराक ईचार,” शेवंती म्हणाली. “ह्यांच्या मानेतल्या नळ्यांक तरी खय कळला होता?”

होळीत लाकडं तडकत होती. मग शेवंती नवऱ्याकडे वळली आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, “आणि पयली माझी टाकतंय, असा म्हणाले ते.”

लवूने असं काहीही म्हटलं नव्हतं. हे त्याला आणि तिला सोडून कुणालाच कळणं शक्य नव्हतं. देवापुढे त्याच्या तोंडात घातलेले शब्द ते. कुठल्याही घाड्याने भर सभेत ते खोडून काढले असते. त्याने तोंड उघडलंही. शेवंती नारळ पोटाशी धरून त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत उभी होती. गॅलरीचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे त्याला तेव्हा समजलं.

त्याने उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला, पुडी काढली आणि होळीत टाकली. प्लॅस्टिक आक्रसलं, जराशी निळी ज्योत आली आणि गेली.

“व्हय म्हाराजा,” लवू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हे म्हणत होता. ते वाकडंतिकडं, ओलं, अर्धवट आलं, पण आवारातल्या प्रत्येकाला कळलं. मागोमाग प्रीतमची डबी आगीत पडली.